पूना हॉर्स १९६५: साठाला नऊ हा हिशोब खरा का, आणि त्यात तुमचे आजोबा कुठे होते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे की तुमचे चुलत आजोबा १९६५ च्या भारत-पाकिस्तान लढाईत "पूना हॉर्सबरोबर रणगाड्यात होते" असं घरात सांगतात, तुम्ही शोधाशोध केली तर कळलं की त्या रणगाडा रेजिमेंटमध्ये मराठी जवान नसायचेच, आणि वर "आपले नऊ गेले, त्यांचे साठ उडवले" हा रणगाड्यांचा आकडा तुम्हाला फेकाफेकी वाटतोय. म्हणजे आजोबाही खोटे आणि आकडाही खोटा असा तुमचा संशय. मी आधी माझं सांगतो, मी पूना हॉर्सचा नाही, दुसऱ्या रेजिमेंटचा, रिसालदार म्हणून रिटायर झालो, नोकरीतली बरीच वर्षं गनरी इन्स्ट्रक्टर, म्हणजे रणगाड्याची तोफ मारायला शिकवणारा, म्हणून नगरला काढली, के के रेंजवर म्हणजे खारे कर्जुन्याच्या माळावर धूळ खाल्ली. ६५ ला मी शाळेतसुद्धा नव्हतो, पण ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यातले काही उस्ताद त्या लढाईत सेंच्युरियनवर, म्हणजे आपल्या त्या वेळच्या इंग्रजी रणगाड्यावर, होते, त्यामुळं ऐकलेलं बरंच आहे आणि गोळा कसा उडतो ते स्वतः केलेलं आहे.

आता खरा प्रश्न काय आहे ते बघा. तुम्ही विचारताय आकडा खरा का खोटा, पण त्याच्या आधी विचारायला पाहिजे की लढाईत रणगाडा "गेला" म्हणजे नक्की काय झालं, ते मोजलं कोणी, आणि मोजताना तो कुठे उभा होता. हे कळलं की साठही कळतात, नऊही कळतात, आणि माझ्या मते तुमचे आजोबाही तिथंच सापडतात.

आधी नावाचं उरकून घेतो कारण त्यावर लोक फार घोळ घालतात. पूना हॉर्स हे नाव १८१७ चं. दुसऱ्या बाजीरावाशी इंग्रजांचा पुण्याचा तह झाला, त्यात पेशव्यांच्या मुलखाच्या उत्पन्नावर इंग्रजांनी स्वतःच्या हाताखाली एक घोडदळ उभं करायचं ठरलं, ते पूना ऑक्झिलरी हॉर्स. पैसा आपला आणि हुकूम त्यांचा. काही महिन्यात लढाई पेटली तेव्हा हे पथक अर्थातच इंग्रजांच्या बाजूनं, १ जानेवारी १८१८ ला कोरेगावलाही त्याचे स्वार होते. पुढं १८५७ साली इराणमध्ये खुशाबच्या लढाईत इराणी निशाण जिंकलं, त्यावरचा चांदीचा पंजा आजही रेजिमेंटची शान समजतात. मग १९२१ साली दोन घोडदळ रेजिमेंट एकत्र करून आजची १७ हॉर्स झाली. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनच भरती उत्तरेकडे सरकत गेली होती, आणि स्वातंत्र्यानंतर राजपूत, जाट, शीख हेच मुख्य. तेव्हा तुम्ही वाचलं ते बरोबर आहे, नावात पुणं आहे म्हणून स्क्वॉड्रनमध्ये मराठे असतील असं नाही. पण "त्या रेजिमेंटचा सवार नव्हता" आणि "त्या रेजिमेंटबरोबर लढाईत नव्हता" यात फार अंतर आहे, त्यावर शेवटी येतो.

आता साठ आणि नऊ. हा आकडा कुठून आला ते बघा. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर, पूना हॉर्सचे सीओ म्हणजे कमांडिंग ऑफिसर, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, त्याच्या सायटेशनमध्ये, म्हणजे गौरवपत्रात, हे वाक्य आहे की रेजिमेंटनं शत्रूचे अंदाजे साठ रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे फक्त नऊ गमावले. यातला "अंदाजे" हा शब्द लोक गाळतात. शिवाय हा एका दिवसाचा हिशोब नाही, ११ सप्टेंबर ते १६ सप्टेंबर १९६५ या सहा दिवसांचा आहे, पाकिस्तानातल्या सियालकोटकडची फिलोरा, वझीरवाली, जस्सोराँ, बुटूर डोग्रांदी ही गावं सगळी मिळून. एका आर्मर्ड रेजिमेंटमध्ये साधारण ४५ रणगाडे, तीन स्क्वॉड्रनचे, म्हणजे तुकड्यांचे, चौदा चौदा आणि तीन हेडक्वार्टरचे. सहा दिवसांत ४५ रणगाड्यांनी साठ मारणं म्हणजे एका रणगाड्याच्या वाट्याला दीड पण येत नाही. तेव्हा अशक्य असं काही नाही त्यात.

पण शक्य आहे म्हणजे नेमका साठच असं मी म्हणणार नाही, आणि याचं कारण रेंजवरचंच सांगतो. एकदा आमच्या तीन रणगाड्यांचं फायरिंग होतं, कापडी टार्गेटं लावलेली, दिवस चांगला, कोणी आपल्यावर गोळा टाकत नाही, चहा पिऊन आलेलो. फायरिंग झाल्यावर तिन्ही क्रूनी, म्हणजे रणगाड्यातल्या माणसांनी, मिळून पाच हिट सांगितले. जाऊन बघतो तर कापडाला भोकं तीन. कोणी खोटं बोललं नव्हतं, दोघांनी एकाच टार्गेटवर मारलं आणि दोघांनाही वाटलं आपलंच लागलं. आता हेच धुरात, धुळीत, उसाच्या आडून, डोक्यावर तोफखाना पडतोय अशा वेळी काय होत असेल ते तुम्हीच बघा. आणि फिलोऱ्याला पूना हॉर्स एकटी नव्हती, त्याच आर्मर्ड ब्रिगेडची हॉडसन्स हॉर्सही लढत होती, तेव्हा तोच जळता पॅटन, म्हणजे पाकिस्तानचा अमेरिकन रणगाडा, दोन रेजिमेंटच्या वह्यांत चढू शकतो.

दुसरं म्हणजे स्वतःचा रणगाडा गेला तर तो नंबरासकट कळतो. संध्याकाळी हजेरी होते, कोण आला, कोण नाही आला, क्रूची नावं असतात, घरी तार जायची असते. तिथं अंदाजे चालत नाही. शत्रूचा मात्र फक्त दिसतो, धूर निघाला, थांबला, क्रू उडी मारून पळाला. थांबला म्हणजे मेला असं नाही, नुसता ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा, तुटला असेल. म्हणून जगातल्या कुठल्याही सैन्याचा बघा, आपला आकडा पक्का असतो आणि समोरच्याचा फुगलेला असतो, पाकिस्तानच्या बाजूचेही आकडे असेच आहेत, त्यांच्याकडं हेच उलटं.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, मैदान कोणाच्या हातात राहिलं. फिलोरा आपण ११ तारखेला घेतलं आणि ते युद्धबंदीनंतरही आपल्याच ताब्यात होतं, ताश्कंद करारानंतर सोडलं. म्हणजे तिथले जळके सांगाडे आपल्या लोकांना चालत जाऊन, हात लावून मोजता आले. त्यामुळं फिलोऱ्याच्या आकड्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. पण बुटूर डोग्रांदी नंतर सोडावं लागलं, त्याच्या पुढचं चाविंडा तर मिळालंच नाही, तिथला हिशोब आठवणीवरचा. एकाच साठमध्ये पक्के रुपये आणि उधारीचे रुपये मिसळलेत असं समजा.

इथपर्यंतचं एकदा सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल: साठ हा प्रामाणिक पण ढोबळ आकडा आहे, सहा दिवसांचा आहे, त्यात डबल मोजणी असू शकते. नऊ हा पक्का आहे. आणि खरी गंमत नऊमध्ये आहे, साठमध्ये नाही.

पण त्याआधी तुमच्या त्या "पॅटन तर सेंच्युरियनपेक्षा भारी होता ना" वर बोलतो, कारण यातच लढाईचं कारण आहे. कागदावर पॅटन नवा, वेगवान, ९० मिलिमीटरची तोफ, आत रेंजफाइंडर, त्याला जोडलेला यांत्रिक कॉम्प्युटर. सेंच्युरियन जुना इंग्रजी गडी, पन्नास टनाचा, ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास पळणारा, एका मैलाला गॅलनच्या वर पेट्रोल पिणारा, त्यात रेंजफाइंडर नाही, कमांडरनं डोळ्यानं अंतर ठरवायचं. पण त्याची २० पाउंडर तोफ, म्हणजे ८४ मिलिमीटर, तिचा सॅबो, म्हणजे चिलखत भेदणारा बारीक पण वेगवान गोळा, सेकंदाला १४०० मीटरच्या वर जातो. एवढ्या वेगानं जाणारा गोळा जवळजवळ सरळ रेषेत जातो. तेव्हा हजार यार्डाच्या आत अंतर शे-दीडशे इकडंतिकडं चुकलं तरी गोळा रणगाड्यालाच लागतो, फार तर वरच्या फिरत्या टरेटऐवजी खालच्या धडाला. आणि सियालकोट सेक्टरचा तो भाग कसा आहे, सपाट, पण सप्टेंबरमध्ये ऊस उभा, गावांभोवती झाडी, बांध. आपल्याकडं श्रीरामपूर कोपरगावकडं उसाच्या बांधावर उभं राहिलात तर किती लांबचं दिसतं? तसंच. तिथं दोन हजार मीटरवरून मोजूनमापून मारायची वेळच येत नाही, आडोशातून निघाला की सात-आठशे यार्डावर समोर. अशा ठिकाणी रेंजफाइंडर फिरवून चित्र जुळवत बसणाऱ्यापेक्षा "सॅबो, टँक, आठशे, ऑन, फायर" म्हणणारा आधी मारतो. आणि पहिला गोळा ज्याचा, सहसा दिवस त्याचा.

शिवाय पॅटनच्या टरेटची हायड्रॉलिक यंत्रणा आणि तिचं पेटणारं तेल, आत गोळा शिरला की आग लवकर लागायची. सेंच्युरियनही पेट्रोलचाच होता, तेव्हा तो काही फायरप्रूफ नव्हता, पण चिलखत पुढून जाड आणि आतली मांडणी समजूतदार. आमचे एक उस्ताद म्हणायचे सेंच्युरियन हा बैल आहे, पळवायचा नाही, त्याला पाय रोवू द्या मग बघा.

आता तुम्ही म्हणाल म्हणजे पॅटन भंगार होता. अजिबात नाही, आणि जे लोक असं लिहितात त्यांना ८ सप्टेंबर सांगा. त्या दिवशी आपली १ आर्मर्ड डिव्हिजन, म्हणजे रणगाड्यांची मोठी फौज, आत घुसली, मेजर जनरल राजिंदर सिंग "स्पॅरो" कमांडर, पुढं १६ कॅव्हलरी आणि पूना हॉर्स, आणि गडगोरजवळ त्यांना समोरून थांबवलं ते पाकिस्तानच्या २५ कॅव्हलरी या एका रेजिमेंटनं, ह्याच पॅटननं. एक रेजिमेंट रुंद पसरून अशी लढली की समोर बरंच सैन्य आहे असं आपल्याला वाटलं, आपण थबकलो, दोन दिवस गेले. ते दोन दिवस पुढं महागात पडले कारण तेवढ्यात त्यांनी चाविंड्याची बाजू भक्कम केली. म्हणजे तोच रणगाडा तीन दिवस आधी चालला आणि तीन दिवसांनी चालला नाही. मग बदललं काय?

बदललं असं की ११ तारखेला कोण उभं होतं आणि कोण पळत होतं ते उलटं झालं. पूना हॉर्सला काम दिलं होतं फिलोऱ्याच्या मागून घुसायचं, त्यासाठी ती फिलोरा आणि चाविंडा यांच्या मधल्या पट्ट्यात शिरली. तिथं वझीरवालीकडून पाकिस्तानी रणगाडे अंगावर आले, चालून आले. अशा वेळी तरुण सीओला दोन गोष्टी सुचतात, मागं घ्यावं किंवा आपणही अंगावर जावं. तारापोरांनी तिसरी केली, जागेवर थांबून मारलं, आणि एक स्क्वॉड्रन पायदळाच्या एका बटालियनबरोबर फिलोऱ्यावर सोडली. गनरी शिकवणारा माणूस म्हणून मला हे सगळ्यात आवडतं. चालता रणगाडा हलतो, तोफ स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर असला तरी त्या काळी चालता चालता नेम धरणं म्हणजे बैलगाडीतून चहा ओतणं. उभा रणगाडा बांधाच्या आड फक्त टरेट बाहेर काढून बसला की त्याचं टार्गेट लहान, त्याचा नेम स्थिर, आणि येणारा त्याला पूर्ण दिसतो, बऱ्याचदा कुशीतूनसुद्धा दिसतो, आणि कुशीला चिलखत पातळ. हे कुठल्याही क्रूला पहिल्या महिन्यात शिकवतात. पण डोळ्यांपुढं धुळीचा लोट आणि त्यातून रणगाडे येताना ते पाळणं वेगळं. ते त्या रेजिमेंटनं पाळलं.

तारापोर त्या दिवशी जखमी झाले, मागं जायला नकार दिला. जखमेसकट १४ ला वझीरवाली घेतली, १६ ला जस्सोराँ आणि बुटूर डोग्रांदी. रणगाड्याचं नाव त्यांनी "खुशाब" ठेवलेलं, तीच १८५७ ची इराणमधली लढाई. १६ तारखेलाच ते गेले. आणि हे फार कमी मराठी लोकांना माहीत असतं की त्याच दिवशी त्याच लढाईत पूना हॉर्सबरोबरच्या ८ गढवाल या पायदळ बटालियनचे सीओ लेफ्टनंट कर्नल झिराड हेही पडले. झिराड हे अलिबागजवळचं गाव, आणि ते आडनाव आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांचं. तारापोर मुंबईत जन्मले, पुण्याच्या दस्तूर शाळेच्या बोर्डिंगमध्ये वाढले, आधी हैदराबादच्या निजामाच्या फौजेत होते आणि ते संस्थान विलीन झाल्यावर पूना हॉर्समध्ये आले. एक पारशी, एक बेने इस्रायल, दोघंही आपल्या मातीतले, एकाच दिवशी एकाच मैदानात. आणि तुम्ही म्हणताय मराठी मुलखाचा संबंध नव्हता!

बरं, यश अपयशाचंही सरळ सांगायला पाहिजे. चाविंडा मिळालं नाही. १६ ला तारापोरांनी दोन ठिकाणी पाय रोवून धरले ते अशासाठी की पायदळानं मागून चाविंड्यावर हल्ला करावा, तो वेळेत जमला नाही, नंतर १८-१९ च्या रात्रीचा हल्लाही फसला, आणि २३ ला युद्धबंदी. पाकिस्तानात चाविंडा हा त्यांचा विजय म्हणून शिकवतात आणि बचाव म्हणून बघितलं तर त्यात तथ्य आहे. आपल्याकडं फिलोरा सांगतात. दोन्ही खरंय, एकाच आठवड्यातलं आहे. फक्त खेमकरणचं यात मिसळू नका, ते अमृतसरकडचं, असल उत्तर, तिथं शेतात पाणी सोडून पॅटन चिखलात अडकवले, ती लढाई वेगळी, रेजिमेंट वेगळ्या. फिलोऱ्याला चिखल नव्हता, समोरासमोर रणगाड्याला रणगाडा होता.

आता नऊ.

सहा दिवस, ४५ रणगाडे, अंगावर तोफखाना, समोर पॅटन, रात्रंदिवस चाललेलं, आणि गमावले फक्त नऊ. याचा अर्थ नऊ रणगाड्यांनाच गोळे लागले असा घेऊ नका, सायटेशनमध्येच आहे की खुद्द सीओच्या रणगाड्याला कितीतरी वेळा लागलं होतं. मग बाकीचे कुठं गेले? दुरुस्त होऊन परत आले. रणगाडा म्हणजे बाहेरून लोखंडाचा डोंगर आणि आतून नखरेल यंत्र. लढाई नसतानासुद्धा रोज काही ना काही निघतं, बोगी म्हणजे खालची चाकं, ट्रॅकपिन, रेडिओ, कूलिंग, क्लच. माझ्या नोकरीत साध्या एक्सरसाइजमध्ये, एकही खरा गोळा न उडता, पहिल्या दोन दिवसांत स्क्वॉड्रनमधले तीन-चार रणगाडे रस्त्याच्या कडेला उभे मी बघितलेत. तेव्हा लढाईत ट्रॅक तुटला, बोगी उडाली, नाला पार करताना अडकला, असे किती असतील. त्यांना दिवसा किंवा अंधारात ओढून मागं आणायचं, झाडाखाली पेट्रोमॅक्ससुद्धा न लावता टॉर्चला कागद गुंडाळून काम करायचं, आणि पहाटे फटफटायच्या आत क्रूच्या हवाली करायचं, हे काम करतं कोण?

ते काम करते एलएडी, लाइट एड डिटॅचमेंट. प्रत्येक आर्मर्ड रेजिमेंटला जोडलेली ईएमईची, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती कोअरची, तुकडी. व्हेइकल मेकॅनिक, वेल्डर, आर्मरर, इलेक्ट्रिशियन, रेडिओवाला, रिकव्हरीवाला. आणि ईएमईत भरती सगळ्या देशातून, जातीपातीचा किंवा प्रांताचा प्रश्न नाही, त्यामुळं तिथं मराठी, तमिळ, बंगाली, मल्याळी सगळे. राजपूत क्रू आणि साताऱ्याचा मेकॅनिक ही जोडी मी स्वतः कितीतरी बघितली आहे. असा माणूस वर्षानुवर्षं त्या रेजिमेंटबरोबर राहतो, त्यांच्याच लंगरात जेवतो, त्यांच्याच नावानं ओळखला जातो, गावी आल्यावर "पूना हॉर्समध्ये आहे" असंच सांगतो, कारण गावात एलएडी कोणाला सांगणार? एलएडी सोडून रेजिमेंटबरोबर सिग्नलवाले असतात, पेट्रोल आणि गोळे आणणारे एएससीचे, म्हणजे पुरवठा कोअरचे, ड्रायव्हर असतात, तोफखान्याला गोळे कुठं टाकायचे ते सांगणारा ओपी ऑफिसर आणि त्याची माणसं तर रणगाड्यातच बसतात. म्हणजे "रणगाड्यात होतो" हेसुद्धा खरं असू शकतं.

म्हणून मला वाटतं आजोबा खोटं बोलत असण्यापेक्षा हे जास्त शक्य आहे. अर्थात मी त्यांना ओळखत नाही, तुम्ही सांगितलेल्या दोन ओळींवरून बोलतोय, गावोगाव ६५ आणि ७१ च्या कथा वाढवून सांगणारेही असतात हे मला माहिती आहे, एकाला तर मी पारावर सगळ्यांसमोर पकडला होता, तो म्हणे पॅटन चालवून दिल्लीला नेला, नंतर कळलं की सप्लाय डेपोत होता. पण तुम्ही लिहिलंय की आजोबा फार बोलायचे नाहीत, फक्त "रात्री काम असायचं, दिवसा झोप नसायची" एवढंच म्हणायचे. हे वाक्य मला क्रूचं वाटत नाही, मेकॅनिकचं वाटतं. क्रूवाला माणूस गोळ्यांचं सांगतो.

७१ चं तुम्ही विचारलं नाही पण पूना हॉर्सचं नाव निघालं आणि ७१ ची बसंतरची लढाई सोडली असं होत नाही, थोडक्यात सांगतो. तोच सियालकोट-शकरगढचा पट्टा, तेच सेंच्युरियन, समोर तेच पॅटन. सीओ लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग. १५ डिसेंबरच्या रात्री सॅपर, म्हणजे सुरुंग काढणारे इंजिनियर जवान, सुरुंगातून वाट काढत होते, पुढं गेलेल्या पायदळाला रणगाड्यांची गरज होती आणि वाट पूर्ण साफ झाली नव्हती, तरी पूना हॉर्सचे रणगाडे आत गेले. हा निर्णय बरोबर का चूक हे क्लासमध्ये विचारलं की निम्मा वर्ग एकीकडं निम्मा दुसरीकडं. माझं मत, पायदळ पलीकडं उघड्यावर होतं आणि सकाळी रणगाड्यांचा हल्ला येणार हे दिसत होतं, तेव्हा सुरुंगात दोन रणगाडे गेले असते तरी परवडलं असतं. १६ तारखेला तो हल्ला आलाच आणि त्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल गेले, वय २१, कमिशन मिळून सहा महिने. जन्म पुण्याचा, एनडीएचे, आणि लढाई लागली तेव्हा इथं नगरलाच यंग ऑफिसर्स कोर्सला होते, कोर्स अर्धा सोडून गेले. त्या चकमकीत दहा पाकिस्तानी रणगाडे पडले त्यातले चार त्यांनी मारले असं त्यांच्या सायटेशनमध्ये आहे. रणगाडा पेटलाय, बाहेर ये म्हणून रेडिओवर हुकूम आला, तर उत्तर दिलं की तोफ अजून चालतेय. तीस वर्षांनी समोरच्या बाजूचा अधिकारी त्यांच्या वडिलांना लाहोरला भेटला आणि तो रणगाडा मीच मारला म्हणून सांगितलं. बघा, इथं आकडा चार आहे, लहान आहे, आणि त्याला शत्रूच्या बाजूनंही साक्ष मिळाली. असे आकडे लढाईत क्वचित मिळतात.

तर आता तुम्ही काय करायचं. आधी घरातली जुनी ट्रंक शोधा आणि मेडल बघा. १९६५ ला लढाईच्या भागात असलेल्यांना समर सेवा स्टार मिळाला, नुसतं रक्षा मेडल असेल तर आजोबा त्या वेळी नोकरीत होते एवढंच कळतं. मेडलच्या कडेला किंवा स्टार असेल तर मागच्या बाजूला नंबर, हुद्दा, नाव बारीक कोरलेलं असतं, भिंग घ्या, घासून पुसू नका, ब्रासो तर लावूच नका. हुद्द्याच्या जागी "सवार" किंवा "दफेदार" असेल तर घोडदळाचा माणूस. "क्राफ्ट्समन" असेल, इंग्रजीत सीएफएन अशी तीन अक्षरं, तर शंभर टक्के ईएमई. हवालदार, नाईक असेल तर पुढं कोअरचं नाव बघा. मेडल नसेल तर डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद, त्यावर ट्रेड लिहिलेला असतो. नंबर मिळाला की ईएमईचं असेल तर सिकंदराबादच्या ईएमई रेकॉर्ड्सला, घोडदळाचं असेल तर नगरच्या आर्मर्ड कोअर रेकॉर्ड्सला साधा अर्ज करा, नातं दाखवणारा कागद जोडा, आणि आधी तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा म्हणजे अर्जाचा नमुना ते देतील. वेळ लागतो, चिडू नका, दोन महिन्यांनी स्मरणपत्र टाका.

आणि इकडं आलात तर नगरचं रणगाडा म्युझियम बघून जा, सेंच्युरियन आणि पॅटन दोन्ही आहेत. लोक तोफेसमोर उभं राहून फोटो काढतात, तुम्ही खाली वाका आणि सेंच्युरियनचा ट्रॅक हातानं उचलून बघा, एक कडीसुद्धा हलणार नाही. मग वर्षाच्या त्या महिन्यात, अंधारात, उसाच्या शेतात तो तुटलेला ट्रॅक परत चढवायचा म्हणजे काय ते लक्षात येईल. मेडलवर काय निघालं ते इथंच लिहा, ट्रेड कळला तर त्याचं नेमकं काम काय असायचं ते मी सांगतो.